गिरगावची वारसा फेरी: वाडी नीट दाखवतात, चाळ मात्र बाहेरूनच

मुंबईत वारसा फेऱ्यांचा व्यवसाय आता चांगलाच रुजला आहे. फोर्ट आणि काळा घोडा या ठरलेल्या ठिकाणांच्या जोडीला गेली काही वर्षे गिरगावच्या फेऱ्याही निघू लागल्या आहेत. सुटीच्या दिवशी सकाळी चर्नी रोड स्थानकाच्या पूर्वेला टोपी, पाण्याची बाटली आणि गळ्यात कॅमेरा अशा सरंजामानिशी उभा असलेला वीस-पंचवीस जणांचा घोळका दिसला, की तो खोताच्या वाडीकडे निघाला आहे हे इथल्या टॅक्सीवाल्यालाही सांगावे लागत नाही. अशाच एका संस्थेच्या फेरीत मी रीतसर पैसे भरून सामील झालो होतो आणि तिचेच परीक्षण येथे करीत आहे. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण जे दोष मला जाणवले ते तिच्या एकटीचे नाहीत. गिरगाव ‘दाखवण्याची’ जी एक पद्धत पडून गेली आहे, तिचे ते दोष आहेत. माझा जन्म आणि शाळा गिरगावातली आणि बिऱ्हाड आता डोंबिवलीत, हेही आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढच्या मजकुरातली कटुता कुठून आली याचा वाचकाला अंदाज बांधता येईल.

थोडक्यात निकाल असा, की फेरी पैसे वसूल करून देते, मार्गदर्शकाची तयारी उत्तम असते, आणि ज्याने गिरगाव कधी पाहिलेलेच नाही त्याने तिला जरूर जावे. परंतु तीन तासांच्या या फेरीत गिरगावच्या इमारती जितक्या कळतात, तितकी त्यांतली माणसे कळत नाहीत. सुंदर दर्शनी भाग असलेल्या घरासमोर अर्धा तास आणि टेकू लावलेल्या चाळीसमोर पाच मिनिटे, अशी वेळेची वाटणी केल्यावर दुसरे काही व्हायचेही नव्हते.

मार्ग साधारण असा असतो: चर्नी रोडहून केळेवाडी, तिथून जगन्नाथ शंकरशेट मार्गावरून मॅजेस्टिकची जागा, मग खोताची वाडी, पोर्तुगीज चर्च, प्रार्थना समाज, परतताना खाडिलकर रोडवरची केशवजी नाईकांची चाळ आणि शेवटी ठाकूरद्वारला न्याहारी. अंतर फार नाही, चढ-उतार नाहीत, पण पदपथ उखडलेले असतात आणि हातगाड्या, दुचाक्या चुकवीत चालावे लागते. मार्गदर्शकाच्या गळ्यातल्या ध्वनिक्षेपकाचा आवाज बेस्टची बस शेजारून गेली की अजिबात ऐकू येत नाही. काही संस्था कानात घालायची यंत्रे देतात. या फेरीत ती नव्हती, आणि मागे राहणाऱ्यांचे निम्मे निवेदन वाया गेले.

मार्गदर्शक म्हणून आलेली तरुणी वास्तुकला शिकलेली होती. तिचा अभ्यास दिसत होता, आणि ठाऊक नसलेल्या प्रश्नाला ‘शोधून सांगते’ असे ती सरळ म्हणत होती, ही या व्यवसायात दुर्मीळ गोष्ट आहे. निवेदन मात्र इंग्रजीत, अधूनमधून हिंदीत. मराठी फेरी ‘पुरेशी मागणी आल्यास’ काढतो, असे संस्थेने कळवले होते. आमच्या गटात बोरिवलीचे एक निवृत्त दाम्पत्य, ठाण्याच्या दोन बहिणी आणि न्यू जर्सीहून सुटीवर आलेले एक कुटुंब धरून निम्म्याहून अधिक मंडळी घरात मराठीच बोलणारी होती. त्यांतल्या बहुतेकांचे आजोबा-पणजोबा याच गल्ल्यांतून राहिलेले. मागणी यापेक्षा अधिक ती काय असणार? ‘माळा’, ‘मोरी’, ‘पागडी’, ‘बिऱ्हाड’ हे शब्द ज्या श्रोत्यांना आईच्या दुधाबरोबर मिळाले आहेत, त्यांनाच त्यांचे अर्थ इंग्रजीतून समजावून सांगितले जात असताना त्या दोघी बहिणी एकमेकींकडे पाहून हसू दाबीत होत्या.

पहिला थांबा केळेवाडीतल्या साहित्य संघ मंदिराचा, आणि तो फेरीतला सर्वांत फसलेला थांबा म्हणावा लागेल. मुंबई मराठी साहित्य संघाची स्थापना १९३५ सालची. डॉ. अमृत नारायण भालेराव या पेशाने डॉक्टर असलेल्या माणसाने संघासाठी आयुष्य वेचले, आणि १९६४ साली उभ्या राहिलेल्या नाट्यगृहाला त्यांचेच नाव आहे. समोरचा रस्ताही त्यांच्याच नावाचा. मराठी रंगभूमीला बोलपटाने जेरीस आणले होते त्या काळात नाट्यमहोत्सव भरवून तिला धुगधुगी देण्यात या संस्थेचा वाटा फार मोठा आहे. आमच्या फेरीत हे सगळे रस्त्याच्या पलीकडे उभे राहून दोन वाक्यांत आटोपले, कारण इमारत वास्तुशैलीच्या दृष्टीने ‘विशेष नाही’. तसे पाहिले तर ती खरोखरच विशेष नाही. पण गिरगावातल्या कारकुनाने, शिक्षकाने, छापखान्यातल्या जुळाऱ्याने संध्याकाळ कुठे घालवली, हे सांगणारी जागा तीच आहे, आणि आत जाऊन निदान प्रयोगांचा फलक तरी पाहता आला असता.

मॅजेस्टिकपाशी मात्र फेरीने एकदम सूर पकडला. आज तिथे मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर नावाची बाजारपेठेची इमारत आहे, तिच्याकडे मान वर करून पाहावे असे काही नाही. पण याच जागेवरच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ हा भारतातला पहिला बोलपट झळकला आणि रस्त्यावरची गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले. मार्गदर्शकाने हातातल्या टॅबवर जुने छायाचित्र दाखवले आणि आम्हा सगळ्यांना नेमके त्या छायाचित्रकाराच्या जागी उभे केले. तेव्हाचे दार कुठे असेल, रांग कुठवर गेली असेल, हे प्रत्येकाने आपापल्या डोळ्यांनी ताडून पाहिले. नाहीशी झालेली वास्तू दाखवायची तर ती अशी. त्याच ओघात तिने सँडहर्स्ट रोडवरच्या, म्हणजे आजच्या सरदार वल्लभभाई पटेल मार्गावरच्या, कॉरोनेशन चित्रपटगृहाचाही उल्लेख केला. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी तिथे प्रदर्शित झाला होता. भारतातला पहिला कथापट आणि पहिला बोलपट, या दोन्हींचे घर एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर होते, ही गोष्ट आमच्यातल्या अनेक जुन्या गिरगावकरांनाही नवी होती.

इथे एक पुरवणी मी जोडतो, जी फेरीत नव्हती. मॅजेस्टिक चित्रपटगृहाच्या आसऱ्याने १९४२ साली केशवराव कोठावळे यांनी पुस्तकांचे दुकान थाटले आणि मॅजेस्टिक बुक स्टॉल हे नाव पुढे मराठी प्रकाशनात मोठे झाले. चित्रपटगृह १९७०च्या दशकात पाडले गेले, नाव मात्र पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर टिकून राहिले. शॉपिंग सेंटरपाशी दहा मिनिटे थांबणाऱ्या फेरीने एवढे सांगायला हरकत नव्हती.

खोताच्या वाडीत गेल्यावर संस्थेने आपले सगळे भांडवल इथे गुंतवले आहे हे लगेच कळते. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी आपल्या जमिनीचे तुकडे ‘ईस्ट इंडियन’ म्हणवणाऱ्या, मूळच्या मुंबईकर ख्रिस्ती कुटुंबांना दिले आणि ही वसाहत आकाराला आली, हा वाडीचा सर्वमान्य इतिहास. उतरती कौलारू छपरे, पुढे लाकडी कठड्याचा व्हरांडा, वरच्या मजल्यावर जाणारा बाहेरचा जिना, रंगवलेल्या खिडक्या, आणि दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावे इतकी अरुंद वाट. बाहेरचा जिना का, याचे उत्तर मार्गदर्शकाने फार चांगले दिले: वरचा मजला वेगळ्या कुटुंबाला भाड्याने देता यावा आणि खालच्यांच्या घरातून वावर होऊ नये. खिडकीच्या खालच्या अर्ध्या झडपा वेगळ्या का उघडतात, कौलांखाली हवा कशी खेळते, लाकूड कुठले, हे तिने प्रत्यक्ष दाखवून समजावले. प्लेगच्या साथीनंतर उभारलेल्या वाडीतल्या प्रार्थनास्थळापाशी तिने १८९६च्या त्या साथीची, शहर सोडून पळालेल्या लोकांची आणि त्यानंतर शहर सुधारण्यासाठी नेमलेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने केलेल्या पाडापाडीची हकीकत सांगितली. शेजारचा रुंद सँडहर्स्ट रोड त्याच कामातून निघाला, हा धागा तिने पक्का जोडला. कधीकाळी पासष्टच्या घरात असलेली इथली घरे आता निम्म्याहूनही कमी उरली आहेत आणि वाडीच्या डोक्यावर उंच इमारती येऊन ठेपल्या आहेत, हेही तिने लपवले नाही.

तरीही वाडीतला मुक्काम मला खटकला तो आमच्या वागण्यामुळे. ही राहती घरे आहेत. रविवारची सकाळ आहे, कोणी चर्चहून परतते आहे, कोणी बनियनवर बसून वर्तमानपत्र वाचते आहे, आणि पंचवीस माणसे दारात उभी राहून त्यांच्या खिडकीचे छायाचित्र काढीत आहेत. रहिवाशांची नाराजी त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसते. मार्गदर्शकाने सुरुवातीला सूचना दिली होती, पण गटातल्या दोघातिघांनी ती मनावर घेतली नाही आणि त्यांना कोणी हटकलेही नाही. संस्थेने वाडीपुरते कॅमेरे बंद ठेवायला लावावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. वाडीतल्या घरांना या वर्दळीतून काही मिळत असेल असेही दिसले नाही. वाडीच्या आतली अनंताश्रम ही मासे खाणाऱ्यांची खानावळ चालू होती तोवर निदान बाहेरून आलेला माणूस जेवून, चार पैसे देऊन जात असे. तीही बंद होऊन बराच काळ लोटला. तोंडाशी असलेल्या वेफर्सच्या दुकानात आमच्यापैकी तिघे-चौघे गेले, एवढीच काय ती वाडीच्या पदरात पडलेली आवक.

पोर्तुगीज चर्च आणि प्रार्थना समाज हे दोन थांबे पटकन झाले, आणि ते योग्यच होते. १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाच्या मंदिरात मूर्ती नाही, आरास नाही. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर इथे उपासनेला बसत, एवढे कळले की त्या साधेपणाचा अर्थ लागतो. आज या नावाला बसचालक आणि टॅक्सीवाले चौक म्हणूनच ओळखतात. रॉयल ऑपेरा हाउस लांबूनच दाखवले गेले. १९११ साली पंचम जॉर्जने उद्घाटन केलेली, १९९३ला बंद पडलेली आणि २०१६ साली डागडुजी होऊन पुन्हा उघडलेली ती वास्तू स्वतंत्रपणे पाहण्याजोगी आहे, तेव्हा तिच्यासाठी या फेरीत वेळ न घालवल्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती केशवजी नाईकांच्या चाळीबद्दल. लोकमान्य टिळकांच्या हाकेला प्रतिसाद देऊन १८९३ साली इथे सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला; तो मुंबईतला सर्वांत जुना. लोकमान्य स्वतः १९०१ साली इथे येऊन गेले. आजही मूर्ती लहान असते आणि विसर्जनाला पालखीतून जाते. हे सगळे सांगून झाले, लोकांनी प्रवेशद्वारापाशी छायाचित्रे काढली, ‘चाळीत सगळे एका मोठ्या कुटुंबासारखे राहत’ हे वाक्य इंग्रजीत उच्चारले गेले, आणि फेरी पुढे निघाली. चाळ या संस्थेवर, ज्यात गिरगावची निम्मीअधिक माणसे जन्मली आणि मेली, फेरीने खर्च केलेला वेळ तेवढाच.

एक मोठे कुटुंब! दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात आठ-दहा माणसे, पुढे सामाईक गॅलरी, गॅलरीच्या टोकाला सगळ्या मजल्यासाठी चार-दोन संडास, घरात दीड हाताची मोरी आणि तिच्याशेजारी पाण्याचे पिंप. पहाटे पाणी यायचे तेव्हा जो उठेल त्याची दिवसाची सोय. रात्री जेवणे उरकली की बाप्ये वळकट्या घेऊन गॅलरीत, आणि नवे लग्न झालेल्या जोडप्याला माळा. यातून शेजारधर्म जन्माला आला हे खरे, पण तो लोकांच्या थोर स्वभावातून आला नव्हता. बादली कोणाची पुढे यावरून भांडून झाल्यावर त्याच माणसाच्या घरी संध्याकाळी साखर मागायला जावे लागे, म्हणून तो आला. शिवाय हे ‘कुटुंब’ कोणाकोणाचे होते, हेही विचारायला हवे. अनेक वाड्यांत आणि चाळींत खोली देताना आधी जात पाहिली जाई. ही वाडी अमक्यांची, ती तमक्यांची, हे गिरगावात प्रत्येकाला ठाऊक असे. गतस्मृतींच्या गोडव्यात हा भाग नेहमीच वगळला जातो.

आणि या चाळी आज अशा का दिसतात, याचे उत्तर वास्तुशैलीत नाही, भाड्याच्या पावतीत आहे. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीशी बांधून टाकली. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला संरक्षण हवेच होते; त्या कायद्यावाचून गिरगावातला मध्यमवर्ग पुढच्या दहा वर्षांत शहराबाहेर फेकला गेला असता. पण तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढीवर मुदतवाढ मिळवीत, १९९९चा नवा कायदा लागू होईपर्यंत, म्हणजे २०००पर्यंत टिकला. भाडे वाढत नाही म्हणून मालक दुरुस्ती करीना, आणि खोली आपली नाही म्हणून भाडेकरू खर्च करीना. खोली सोडताना हातोहात मिळणारी पागडी हीच काय ती तिची खरी किंमत, आणि तीही १९९९चा कायदा येईपर्यंत बेकायदेशीर. इमारती कोसळू लागल्या तेव्हा १९६९ साली सरकारने दुरुस्ती मंडळ काढले (आज ते म्हाडा या सरकारी गृहनिर्माण संस्थेचा भाग आहे) आणि इमारतींवर उपकर, म्हणजे दुरुस्तीसाठीचा जादा कर, बसवला. ‘उपकरप्राप्त इमारत’ हा शब्द तेव्हापासूनचा. त्या वेळी मुंबई शहर भागात अशा १९,६४२ इमारती होत्या. त्यांतली कित्येक आजही लोखंडी आणि सागवानी टेकूंवर उभी आहेत, आणि काही खोल्यांचे महिन्याचे भाडे ठाकूरद्वारच्या एका मिसळीच्या किमतीहून कमी आहे.

हे सारे एखाद्या चाळीच्या जिन्यात उभे राहून सांगता येते. तो जिना मी फेरी संपल्यावर जवळच्याच एका चाळीत जाऊन, तिथल्या ओळखीच्या माणसाला विचारून, पुन्हा पाहिला. भर दिवसा अंधार. पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या. कठड्याच्या जागी वरपासून खालपर्यंत सोडलेला जाड दोर, पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी काळा आणि गुळगुळीत झालेला. तळाशी विजेच्या मीटरांचा पसारा आणि त्यावर नावांच्या पाट्या: काही रंगवलेल्या, काही प्लास्टिकच्या, आणि काही पुसट झाल्या तरी कोणी काढून न टाकलेल्या, कारण पावती अजून त्याच नावाने फाटते. एका पाटीवरचे नाव आजोबांचे, खोलीला कुलूप, आणि नातू कल्याणला किंवा कॅलिफोर्नियाला. कुलूप लावून खोली धरून ठेवणाऱ्या या माणसांना इमारत विकासकाच्या ताब्यात जाईल तेव्हा हक्काचे घर मिळण्याची आशा आहे. विकास नियमावलीच्या ३३(७) या कलमाखाली भाडेकरूला निदान ३०० चौरस फुटांचे स्वतःचे घर मिळते आणि विकासकाला वाढीव चटई क्षेत्र, म्हणजे त्याच जागेवर अधिक बांधकामाची मुभा. गिरगावच्या आकाशात आज जे मनोरे दिसतात, त्यांचे गणित हेच आहे. खाली मोटारींसाठी काही मजले, एका अंगाला जुन्या भाडेकरूंची बुटकी इमारत आणि दुसऱ्या अंगाला विक्रीचा उंच मनोरा, ज्यातले घर चाळीतल्या कोणाच्याही आवाक्यातले नाही. मार्गदर्शकाने या मनोऱ्यांना ‘कुरूप’ म्हटले. ते आहेतही. पण ज्या बाईने चाळीस वर्षे गॅलरीच्या टोकाला रांग लावली, तिला घरातला संडास कुरूप वाटत नाही, हे फेरीतल्या कोणाच्या ध्यानात आले असेल असे दिसले नाही.

नेमका हाच मुद्दा एका गृहस्थांनी आमच्याच समोर मांडला होता. चाळीसमोर आम्ही उभे असताना शेजारच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत कपडे वाळत घालता घालता ते बराच वेळ आमच्याकडे पाहत होते. मार्गदर्शकाने हसून हात केला, तेव्हा ते म्हणाले, “काय ग मुली, काय दाखवतेस एवढं यांना?”

“काका, हेरिटेज वॉक आहे. जुनं गिरगाव दाखवतोय.”

“मग दुपारी पाणी जातं तेव्हा आण यांना. आणि म्हाडाची नोटीस आलीय ती पण दाखव, खाली डकवलीय.”

लोक हसले, तीही हसली आणि फेरी पुढे गेली. ती नोटीस वाचायला पाच मिनिटे दिली असती, तर गिरगावच्या शंभर वर्षांच्या इतिहासातली शेवटची पन्नास वर्षे गटाला समजली असती. माझ्या मते या फेरीतली हुकलेली सर्वांत मोठी संधी तीच.

भुयारी मेट्रोचा विषयही असाच अर्ध्यावर सोडला गेला. ऑक्टोबर २०२५पासून गिरगावला स्वतःचे मेट्रो स्थानक आहे, आणि त्यामुळे फेरीला येणाऱ्यांची मोठी सोय झाली आहे. पण जगन्नाथ शंकरशेट मार्गावरच्या जुन्या इमारती या कामासाठी गेल्या, कुटुंबे हलली, वर्षानुवर्षे पत्र्यांच्या भिंतींमागे दुकाने मोडली. त्यावर झालेल्या आंदोलनांना वर्तमानपत्रांत जागा मिळाली होती, फेरीत मिळाली नाही. त्याउलट खाडिलकर रोडवर मार्गदर्शकाने लग्नपत्रिकांच्या दुकानांसमोर मुद्दाम थांबून छपाईच्या धंद्याबद्दल जे सांगितले ते फार छान होते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९२३ साली सुरू केलेल्या ‘नवाकाळ’मुळे रस्त्याला हे नाव मिळाले, आणि छापखान्यांचा हा परिसर आज अख्ख्या मुंबईच्या लग्नांच्या पत्रिका छापतो. एका दुकानदाराने आतून जुने नमुने आणून दाखवले: हळदीच्या रंगाचा कागद, वर गणपतीचा ठसा, खाली ‘आहेर स्वीकारला जाणार नाही’. निवेदनाबाहेरची ही दहा मिनिटे सगळ्यांना अधिक आठवतील.

न्याहारीचा भाग मनासारखा झाला. काही संस्था खोक्यात बंद केलेले सँडविच देतात असे ऐकतो. इथे निदान गटाला ठाकूरद्वारला नेऊन ज्याला जे हवे ते खाऊ दिले. विनय हेल्थ होमची मिसळ कोल्हापूरच्या किंवा नाशिकच्या माणसाला कदाचित मवाळ वाटेल, आणि तिखटाच्या चुरशीत ती उतरतच नाही. तिचा रस्सा बेताचा आणि चव घरगुती. ज्यांना तिखट सोसत नाही त्यांच्यासाठी दही मिसळ आहे. पणशीकरांकडचे पीयूष मी स्वतंत्रपणे जाऊन प्यायलो. ते दाट आहे, जायफळ-केशराचा वास आहे, आणि न्याहारीनंतर एक पेला दोघांत पुरतो. या दोन्ही ठिकाणी टेबलाला टेबल लागून बसावे लागते आणि शेजारच्याच्या गप्पा कानावर पडतातच. गिरगावबद्दल जे मार्गदर्शकाने सांगितले नाही त्यातले बरेचसे तिथे फुकट ऐकायला मिळते.

जाणाऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. फेरीचे शुल्क व्यावसायिक नाटकाच्या पुढच्या रांगेतल्या तिकिटाच्या आसपास पडते आणि न्याहारीचा खर्च वेगळा; तीन तासांच्या मार्गदर्शनाला ही रक्कम वाजवी आहे. पावसाळ्यात जाऊ नये, कारण वाडीतल्या वाटा निसरड्या होतात आणि छत्र्यांच्या गर्दीत वरचे काही दिसत नाही. मधल्या वेळात स्वच्छतागृहाची सोय नाही, ज्येष्ठांनी हे लक्षात ठेवावे. बसायलाही कुठे जागा नसते. चाकाच्या खुर्चीवर असलेल्या माणसाला ही फेरी करता येणार नाही. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी खोताच्या वाडीसाठी तरी जावेच. गणेशोत्सवात किंवा गुढीपाडव्याच्या शोभायात्रेच्या दिवशी फेरी घेऊ नये. त्या दिवशी विरार-बदलापूरपासूनचे माजी गिरगावकर लोटलेले असतात आणि चालायलाच जागा नसते, मात्र त्या गर्दीत फेटे बांधून आलेली ती माणसे पाहायला एकट्याने जरूर जावे.

आपल्या घरातले कोणी गिरगावात राहिलेले असेल, तर त्यांना बरोबर न्यावे आणि नोंदणी करतानाच मराठी निवेदनाचा आग्रह धरावा. दहा-बारा जण मिळाले तर संस्था तयार होते असे मला नंतर सांगण्यात आले. चाळ आतून पाहायची असल्यास तेही तेव्हाच विचारावे, कारण रहिवाशांची परवानगी आधी काढावी लागते आणि आयत्या वेळी मार्गदर्शकाच्या हातात काही नसते. फेरी दहा-साडेदहाला संपते. साहित्य संघात दुपारचा प्रयोग असेल तर मधला वेळ पुस्तकांच्या दुकानात काढून नाटक पाहूनच परतीची गाडी धरावी.